लाईन

आमच्या नागपुरात वीज जात नाही, लाईन जाते.
गल्लीच्या टोकापासून ओरड येते, "गेली ना बे लाईन!"
आणि अख्खी पाचपावली माझ्या बाबांना शिव्या घालते,
ज्यांनी ती नेलेली नसायची,
जे त्या वेळी कुठल्यातरी खांबावर
पकड दातांत धरून ती परत आणत असायचे.
सिव्हिल लाईन्समध्ये मात्र लाईन जात नसे.
नावातच होती, जाणार कुठे.

नत्थूजी हेडाऊ, लाईनमन.
शाळेच्या फॉर्मवर बाईंनी वायरमन लिहिलं,
मी ते खोडलं, छडी खाल्ली.
बाबा म्हणाले, "बरं केलं.
वायर घरातली राहते, लाईन गावाची."

आई नागभीडहून आली, छोट्या लाईननं,
मांडीवर ट्रंक घेऊन इतवारीला उतरली.
ती लाईन आता उखडली, मोठी टाकून राहिले म्हणतात.
माहेरचं कोणी भेटलं की आई अजूनही सांगते,
"आमच्या लाईनचे आहेत हे."
रेशनच्या लाईनीत तिची पिशवी उभी असायची,
ती स्वतः नळावर.
पिशवीचा नंबर कोणी मारला नाही कधी.

रूपेश प्लॉटच्या लाईनला आहे.
बेसा रोडवर चुन्यानं आखतो
जे अजून कोणाचंच नाही.
सध्या लाईन मंदी आहे, म्हणतो,
आणि आईकडून पेट्रोलचे पैसे नेतो.

बर्डीवर एक निळ्या शर्टवाला
माझ्यावर लाईन मारायचा.
मला पत्ताच नव्हता.
खांबावरून बाबांना दिसलं.
रात्री भाकर मोडता मोडता म्हणाले,
"वनमाला, लाईन चालू हाय का बंद,
हे पाहूनच हात लावावा माणसानं."
आईला वाटलं, ऑफिसचं बोलून राहिले.

मग मी मेडिकलला लागले.
पहिल्याच आठवड्यात थूल सिस्टर ओरडल्या,
"नऊ नंबरची लाईन गेली!"
मी ट्यूबलाईटकडे पाहिलं.
ती जळत होती.
नऊ नंबरचा हात सुजला होता.
तेव्हापासून माझी लाईन ही:
टिचकी मारून शीर उठवायची,
गुलाबी सुई तिरपी धरायची, चिकटपट्टी लावायची.
वर मॉनिटरमध्ये आणखी एक असते,
वाकडीतिकडी असते तोवर बरी.

यंदा मे महिन्यात बाबांना आणलं.
बाहेर सेहेचाळीस, अंगात एकशेचार.
थूल सिस्टरनी दोनदा टोचलं,
शीर सापडेना.
तो हात मला ठाऊक होता.
कोपराखाली जळल्याचा डाग,
त्र्याण्णव सालचा, कोणीतरी खालून
न विचारता स्विच टाकला होता तेव्हाचा.

मी हातमोजे घातले.
त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं नाही,
मोज्यांना ओळखलं.
"परमिट घेतलं का?"
"घेतलं."
"कोणाचं?"
काय सांगणार. म्हटलं, "हेडाऊ साहेबांचं."
त्यांना कोणी साहेब म्हटलेलं
मी तरी ऐकलं नव्हतं.
ते थोडा वेळ विचारात पडले.
"मग ठीक हाय. लाईन क्लिअर."

डागाच्या दोन बोटं वर
शीर हाताला लागली.
सुईच्या मागच्या काचेत लाल थेंब चढला,
माझ्या तोंडून निघून गेलं, "आली."

रात्री दीडला खरोखरच गेली.
जनरेटर उठायला बारा सेकंद घेतो, आम्ही मोजलेत.
अंधारात कोणाचं तरी पोर ओरडलं, "लाईन गेली!"
बाबांचा दुसरा हात उठला,
कमरेशी काहीतरी चाचपू लागला,
तिथे पट्टा नव्हता, पकड नव्हती,
दवाखान्याच्या चादरीची गाठ होती.
मी तो हात धरून ठेवला.
सलाईन पडत होतं थेंब थेंब,
त्याला विजेचं काही नसतं.

सात, आठ, मी मोजत होते.
बाबा म्हणाले, "थांब. कोणी वर चढलं असंन."